शून्याच्या बांधीत एक मूठ

गोंदियातल्या एका कॉलेजात मी तेव्हा तासिकेवर संख्याशास्त्र शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करत होते. मार्गदर्शक नागपूरला. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचं, केलेलं दाखवायचं, लाल शाईने भरलेले कागद घेऊन परत यायचं. तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि माझ्या हातात अजून एकही प्रकरण असं नव्हतं, ज्यावर सर नुसते ‘ठीक’ म्हणाले असतील.

विषय तसा कुणालाही समजेल असा होता. आपण एखादी गोष्ट ठरवून देतो, समजा इतकं खत, आणि तिचा परिणाम मोजतो. पण ठरवलं तेवढंच पडतं असं नाही. कागदावर ऐंशी लिहिलेलं असतं, जमिनीवर कधी अठ्ठ्याहत्तर पडतं, कधी त्र्याऐंशी. मग कागदावरचे आकडे धरून आपण जी रेषा काढतो, ती कितपत खरी? याचं एक जुनं उत्तर आहे आणि मला ते फार आवडायचं. चुका जर कमी खताच्या जागी आणि जास्त खताच्या जागी सारख्याच होत असतील, कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी, तर रेषेचा उतार बिघडत नाही. आलेखावरचे ठिपके विस्कटतात, पण रेषा जागेवर राहते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मोजायला बसलेल्या माणसाला एवढी तरी सूट मिळायलाच हवी.

हे प्रत्यक्ष शेतातल्या आकड्यांवर दाखवायचं होतं. इटियाडोह धरणाच्या पाटाला लागून आमचं गाव आहे, आणि गावाबाहेर धानाचं एक संशोधन केंद्र. गावातले लोक त्याला फारम म्हणतात. तिथल्या साहेबांनी मला युरियाच्या एका प्रयोगाचे तीन वर्षांचे आकडे दिले. चार पट्टे होते. प्रत्येक पट्ट्यात चार बांध्या, म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, वेगळे केलेले धानाचे तुकडे. एका बांधीला युरिया अजिबात नाही, दुसरीला हेक्टरी चाळीस किलो, तिसरीला ऐंशी, चौथीला एकशेवीस. प्रत्येक बांधीत तशी पाटी रोवलेली. युरिया ऑफिसातच तोलून पुड्या बांधायच्या आणि बायांनी ज्या त्या बांधीत नेऊन फेकायच्या.

त्या बायांमध्ये माझी आई होती. फारमवर रोजीने ती माझ्या शाळेच्या दिवसांपासून जात होती. पण हे मी सरांना सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, याची कारणं मी तेव्हा स्वतःला बरीच दिली होती. विषयाशी त्याचा काय संबंध, हे त्यातलं सगळ्यात सोयीचं. खरं हे होतं, की सरांच्या खोलीत बसणाऱ्या बाकीच्या विद्यार्थ्यांचे आईवडील शिक्षक, डॉक्टर, बँकेतले होते, आणि तिथे माझं तोंड उघडत नसे.

आकडे संगणकात भरले, रेषा काढल्या आणि माझं स्वास्थ्य गेलं. सडकेकडच्या दोन पट्ट्यांत रेषा चांगली वर चढत होती. युरिया वाढला की धान वाढत होतं. पाटाकडच्या दोन पट्ट्यांत तीच रेषा थकल्यासारखी आडवी. शून्याच्या बांध्यांत धान नको तेवढं आलं होतं आणि एकशेवीसच्या बांध्यांत हवं तेवढं आलं नव्हतं. एका वर्षी झालं असतं तर सोडून दिलं असतं. तिन्ही वर्षं तेच.

मी भरलेले आकडे तीनदा तपासले. बांध्यांची लांबी-रुंदी तपासली. धानाचं वाण एकच आहे ना, ते पाहिलं. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच थांबायचे आणि मुलं ‘मॅडम, आगे?’ म्हणायची. जेवायला बसले की उठून पुन्हा तो आलेख उघडायचे. खोलीच्या मालकीणबाईंनी एकदा विचारलं, “दिनभर चलती क्यों रहती हो?” मला ठाऊकही नव्हतं, की मी खोलीत सारखी फेऱ्या मारते आणि त्या खाली ऐकू जातात.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “पाटाजवळचे पट्टे ना? पाणी झिरपत असेल. एका बांधीतला युरिया पाण्याबरोबर दुसरीत जात असेल. जाऊन बघून ये.”

पुढच्या रविवारी बस पकडली. साहेब स्वतः मला धुऱ्यांवरून फिरवायला आले. उन्हाळी धान लागलं होतं, प्रयोग मात्र आदल्या हंगामात संपला होता. धुरे हातभर रुंद, आतून प्लास्टिक घातलेलं. साहेबांनी एका धुऱ्यावर बूट आपटून दाखवला. “मॅडम, इथं या बांधीचा थेंब त्या बांधीत जात नाही. मी स्वतः उभं राहून बांधून घेतलेत.”

खोटं वाटत नव्हतं. शून्याची बांधी आणि एकशेवीसची बांधी शेजारी होत्या, पण मध्ये पाणी फुटल्याची कुठे खूण नव्हती. मी आणखीच बेचैन होऊन घरी गेले.

आई अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी पाणी प्यायले आणि तिच्यासमोर बसून सहज विचारलं, “आई, पाटाकडच्या बांध्यांचे धुरे कधी फुटले होते का गं?”

“कायले फुटन? आमीच त लिपले होते.”

“मग शून्यवाल्या बांधीत धान एवढं कसं झालं? तिला तर युरियाच नव्हता.”

“कोणती? उपासवाली?” ती हसली. शून्याच्या बांधीला त्या बाया उपासवाली म्हणायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. “तिले आमी देत होतो ना थोडंसं.”

“काय देत होतात?”

“खात. मूठभर. पिवळी पडली होती बिचारी. आन बाजूची एकशेवीसवाली मातून गेली होती, काळीहिरवी. तिच्या पुडीतली एक मूठ इकडं फेकली त का बिघडते?”

मी सुपातल्या लाखोळीकडे पाहत राहिले. “एकदाच?”

“जवा जवा खात फेकलं तवा. आमी तिघीबी. पाटाकडचे पट्टे आमच्याकडंच होते, सडकेकडचे दुसऱ्या बायांकडं.” मग तिने मान वर केली. “काऊन वं? तोंड काऊन असं करून राहिली?”

मी उभी राहिले, पुन्हा बसले. मला तिला शांतपणे समजावून सांगायचं होतं, पण आवाज चढलाच. “आई, ती बांधी उपाशीच ठेवायची होती! न देता किती पिकतं, ते बघायचं होतं. शून्यात काही टाकलं आणि एकशेवीसमधून काही काढलं, तर दोन्ही एकमेकींच्या जवळ आल्या ना. मग युरियाने फरक पडतो तेवढा दिसतच नाही. तीन वर्षं, आई. तीन वर्षांचं सगळं वाया.”

तिने सूप बाजूला ठेवलं. “हे आमाले कोणी सांगतलं होतं? साहेब म्हणे, पुडी घ्या, फेका. आमी घेतली, फेकली. बांधी उपाशी कायले ठेवून राहिले, हे एका शब्दानं सांगतलं असतं त मी हातबी लावला नसता. डोळ्यासमोर धान पिवळं पडून राहिलं आन हातात खाताची पुडी आहे. तू असती त का केलं असतं?”

मी चहा न घेताच निघाले. बसमध्ये लक्षात आलं, की मी तिच्यावर ओरडले आणि ती माझ्यावर ओरडली नाही.

माझ्या लाडक्या उत्तराची एकच अट होती. चूक ठरवलेल्या आकड्याकडे बघून होता कामा नये. आणि इथे तर माझी आई नेमकी बांधीकडे बघून चुकत होती. कमी असेल तिथे वाढवायची, जास्त असेल तिथून काढायची. अशी चूक रेषेला आडवी पाडते. माझ्या प्रबंधाचं गृहीत तिने हसत हसत मोडलं होतं आणि त्यात वाईट हेतूचा लवलेश नव्हता.

पुढचे पंधरा दिवस मी सरांना टाळलं. त्यांचा संदेश आला, ‘झिरप निघाली का?’ मी लिहिलं, ‘पाहते आहे.’ तेच उत्तर मी दोनदा दिलं. वाट अगदी सोपी होती. पाटाकडचे दोन पट्टे वगळायचे आणि कारण लिहायचं झिरप. कारण सरांनीच सुचवलेलं होतं. साहेब माझा प्रबंध वाचणार नव्हते. आईचं नाव कुठेच येणार नव्हतं, तिचं काम टिकणार होतं आणि माझं प्रकरण पूर्ण होणार होतं. मी ते वाक्य लिहिलं. छापलं. पानं पिशवीत घालून नागपूरला गेले. गाडीत पूर्ण वेळ दाराशी उभी राहिले, जागा रिकामी असून.

सरांनी ते पान वाचलं आणि बरोबरची खूण केली. “बघ, मी म्हटलंच होतं.”

तीन वर्षांत पहिल्यांदा ते समाधानी दिसत होते. मला तिथून उठून जाता आलं असतं.

“सर, झिरप नाहीये,” मी म्हणाले. “मी खोटं लिहिलंय. युरिया फेकणाऱ्या बायांनी एकशेवीसच्या पुडीतली मूठ शून्याच्या बांधीत टाकली. दरवेळी.”

त्यांनी चष्मा काढला. “हे तुला कुणी सांगितलं?”

“त्यातली एक माझी आई आहे.”

खोलीत आणखी दोन विद्यार्थी होते. दोघांनीही मान वर केली. माझे कान तापले. सरांनी बरोबरच्या खुणेवर आडवी रेघ मारली. “आई तिथे काम करते हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? मी तुला आकडे घेण्याआधी तिच्याशी बोलायला लावलं असतं.”

मी ते पान उचलून पिशवीत घातलं.

“बरं, आता एक सांग. ती मूठ किती ग्रॅमची, मोजता येईल? येत असेल तर दोन पट्टे फेकून द्यायची गरज नाही. प्रत्यक्षात किती पडलं याचा अंदाज बांधता येईल, रेषा दुरुस्त करता येईल. पण त्याआधी केंद्राला कळवावं लागेल. लेखी. त्यांच्या अहवालात तेच आकडे आहेत.”

मला याचीच भीती होती. कळवायचं म्हणजे आईला साहेबांसमोर उभं करायचं. गावी जाताना मी मनात बरीच वाक्यं जुळवली होती. आईने एकही पूर्ण ऐकलं नाही.

“सांग ना मग. मी का चोरी केली? मीच येतो तुह्यासंग.”

साहेबांच्या टेबलापाशी ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. मी सुरुवात केली, पण तिने माझा हात दाबला आणि स्वतः सांगितलं. कोणत्या बांधीतून काढलं, कोणत्या बांधीत टाकलं, का टाकलं. बाकीच्या दोघींची नावं तिने घेतली नाहीत. “तिघी होतो” एवढंच म्हणाली. साहेबांना ती नावं ठाऊक होतीच.

साहेबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “बाई, मी वर अहवाल पाठवून मोकळा झालो. आता मी काय लिहू? की बायांना धानाची दया आली?”

“तेच लिवा,” आई म्हणाली. “खरं तेच आहे. तुमी कधी इचारलं नाही, साहेब. इचारलं असतं त तवाच सांगतलं असतं.”

मूठ मोजायची परवानगी मात्र त्यांनी त्याच दिवशी दिली. पुढच्या शनिवारी फारमच्या खळ्यावर मी ताडपत्र्या अंथरल्या आणि त्यांवर चुन्याने बांध्या आखल्या. पूर्वीसारख्याच पुड्या बांधल्या. तिघींना सांगितलं, तेव्हा करायचात अगदी तसंच करा. मग प्रत्येक ताडपत्रीवरचा युरिया झाडून गोळा करायचा, तोलायचा आणि लिहायचा.

पहिल्याच फेरीत गडबड झाली. साहेब बाजूला उभे होते, तर तिघींच्याही मुठी आक्रसल्या. चिमूटभर युरिया उपासवालीवर पडला. आईबरोबरची थोराड बाई तर पुडीत हात घालायलाच तयार होईना. “माहा त फकस्त हात लागला होता कधी कधी,” असं ती म्हणायला लागली. मी साहेबांजवळ गेले आणि हळूच म्हटलं, “साहेब, तुम्ही चहा घेऊन या ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं आणि निमूट ऑफिसकडे गेले.

मग मुठी मोकळ्या झाल्या. थोराड बाईची मूठ दर वेळी वेगळी निघाली, एकदा तर जवळजवळ दुप्पट. तिसरीची मध्यम. आईची मूठ काट्यावर ठेवली तेव्हा मी दोनदा पाहिलं. दहापैकी दहा वेळा ती जवळपास तेवढीच. ऑफिसात तोललेल्या पुड्यांमध्येसुद्धा याहून जास्त फरक होता. मी तिला ते सांगितलं, तर ती म्हणाली, “एवढी वर्सं फेकून राहिलो, हाताले मालूम राहते.”

ऐंशीच्या पुडीला मात्र कुणीच हात लावला नव्हता. मी कारण विचारलं.

“ऐंशीवालीचं बराबर चालू होतं. तिचं कायले घ्याचं?”

ते वजनांचे कागद घेऊन मी परत आले आणि आठवडाभरात हिशेब मांडला. शून्याच्या जागी मुठीचं वजन ठेवलं, एकशेवीसमधून तेवढंच काढलं, मुठी कमीजास्त होण्याचा अंदाज त्यात घातला. पाटाकडच्या पट्ट्यांची आडवी पडलेली रेषा उठली आणि सडकेकडच्या रेषेच्या बरीच जवळ गेली. मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा फेऱ्या मारायला लागले. आनंद झाला होता, पण तोही बसू देत नव्हता. प्रकरण नव्याने लिहिलं. त्यात चुकांचे दोन प्रकार आले: हाताच्या आणि डोळ्यांच्या. हाताची चूक आंधळी असते, तिला सूत्र सांभाळून घेतं. डोळ्यांची चूक समोरचं बघून होते, ती सांभाळायची तर ज्याने ती केली त्याला जाऊन विचारावं लागतं. सर वाचून ‘ठीक’ म्हणाले.

केंद्रात काय झालं ते मला तुकड्या-तुकड्याने कळलं. साहेबांनी वर पत्र पाठवलं आणि त्यांना दोनदा खुलासा द्यावा लागला. पुढच्या खरिपात बायांना नेहमीसारखं बोलावणं आलं. पण नव्या प्रयोगाच्या युरियाच्या पुड्या त्यांच्या हातात दिल्या नाहीत. ते काम ऑफिसातल्या दोन माणसांकडे गेलं. आईला निंदायला, तण काढायला, बसवलं. तिने तो हंगाम पूर्ण केला आणि नंतर फारमवर जाणं सोडलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. गावातल्या बायांबरोबर ती दुसऱ्यांकडे रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जायला लागली, हे मला शेजारच्या काकूंकडून समजलं.

मी साहेबांना फोन केला. ते तुटकपणे बोलले नाहीत, उलट अजिजीने म्हणाले, “मॅडम, वरून लेखी आलंय. माझ्या हातात काही नाही. पण एक केलं. प्रयोग सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बांध्यांवर नेलं आणि कोणती पाटी कशासाठी ते सांगितलं. दोन तास लागले.”

पदवी मिळाल्यावर मी गावी गेले. आई रोवणीहून आली होती. पायांना चिखल, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. ती पाय धूत होती तेव्हा मी धीर करून विचारलं, “तुला वाईट वाटलं का गं? मी सांगितल्याचं?”

“सांगतल्याचं नाही.” तिने तांब्यातलं पाणी टाचेवर ओतलं. “निंदाले बसवलं ना, आन धुऱ्यावरून तो माणूस पुडी घेऊन जाऊन राहिला होता, एका जागी ढीग आन एका जागी कायीच नाही, असं फेकत. तवा वाटलं. मले येते ना ते. पण मी तोंडानं नाही बोलली.”

“बोलायचं होतंस.”

“कोणाले?” ती म्हणाली. “इचारलं कोणं?”

नंतर आम्ही जेवलो. ती दुसऱ्या दिवशी कुणाकडे रोवणी आहे ते सांगत होती आणि मी ऐकत होते. संख्याशास्त्राच्या तासाला मी आता मुलांना पहिला प्रश्न हा विचारते, की हा आकडा कुणाच्या हातून आला. मुलं लिहून घेतात. पण त्या दिवशी आईला मी जे म्हणायला गेले होते, माझं चुकलं एवढंच, ते म्हटलं नाही, आणि त्यानंतर दोन पावसाळे गेले, अजून म्हटलेलं नाही. गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले की वाटेतलं देवलगाव मागे पडेपर्यंत माझं वाक्य तयार असतं. अंगणात पाय ठेवला की ती विचारते, “जेवली का?” आणि मी हो म्हणते.